सायलेन्सर-फिल्टर बदलल्यावर एफआय गाडी झटके देते. रीसेट केलं की चार दिवस बरी, मग पुन्हा तेच

तक्रार एकच असते, सांगणारे वेगळे. एफआय मोटारसायकलला, म्हणजे जिच्यात कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्टर पेट्रोल सोडतो तिला, बेंड पाइपसकट नवा सायलेन्सर बसवला, हौस उरली म्हणून हवेचा फिल्टरही बदलला. सुरुवातीला आवाजाच्या नादात सगळं गोड वाटलं. मग तीन-साडेतीन हजार आरपीएमवर थ्रॉटल एकसारखा धरला की गाडी धक्के खायला लागली. थ्रॉटल सोडला की मागून फाटफाट, आयडल कधी हजारावर तर कधी अठराशेवर, ॲव्हरेज पडलं आणि मीटरवर पिवळा दिवा. गॅरेजवर नेली तर मिस्त्रीने बॅटरीची वायर काढली, चहा होईपर्यंत तशीच ठेवली, परत जोडली आणि म्हणाला, “ईसीयू रीसेट केलाय भाऊ, आता बघा.” (ईसीयू म्हणजे पेट्रोल किती सोडायचं ते ठरवणारा गाडीतला छोटा कॉम्प्युटर.) आणि गाडी खरंच बरी चालली. आठवड्याने पुन्हा तेच रडगाणं, पुन्हा तोच रीसेट.

मग कुणीतरी सांगतं, “मॅपिंग करून घे.” म्हणजे पेट्रोल किती सोडायचं याचे आकडे नव्या पाइपाला जुळवून घे. आणि पोरगं दहा-पंधरा हजार घेऊन पुण्याची वाट धरतं. माझं म्हणणं एवढंच आहे की त्या रस्त्याला लागण्याआधी घरच्या घरी आणि गल्लीतल्या गॅरेजवर बऱ्याच गोष्टी तपासता येतात. त्या न तपासता केलेलं मॅपिंग टिकत नाही. खाली जे लिहितोय ते सिंगल सिलिंडर, दीडशे ते चारशे सीसीच्या बीएस-६ मोटारसायकलींबद्दल आहे. १ एप्रिल २०२० नंतर घेतलेली गाडी असेल तर बहुतेक तुमचीच.

रीसेटने बरं का वाटतं?

इंजिन तापलेलं असेल, थ्रॉटल स्थिर असेल आणि लोड मध्यम असेल, तर ईसीयू एक्झॉस्टमधल्या ऑक्सिजन सेन्सरचं ऐकून पेट्रोल कमी-जास्त करतो. याला क्लोज्ड लूप म्हणतात. सेन्सरची भाषा फार मोजकी आहे. साधारण ०.४५ व्होल्टच्या वर गेला म्हणजे पेट्रोल जास्त, म्हणजे रिच. खाली आला म्हणजे हवा जास्त, म्हणजे लीन. किती जास्त, हे त्याला नीट सांगता येत नाही. म्हणून ईसीयू सारखं थोडं घालतो, थोडं काढतो आणि निरोगी सेन्सरचा व्होल्टेज ०.१ ते ०.९ च्या मध्ये सतत वर-खाली पळत राहतो. थंड इंजिनावर, एकदम थ्रॉटल पिळताना आणि फुल थ्रॉटलला ईसीयू सेन्सरकडे बघत नाही, आपल्या तक्त्यातल्या आकड्यांवर चालतो. तो ओपन लूप.

आता सेन्सर दिवसेंदिवस “लीन, लीन” असंच ओरडत राहिला तर ईसीयू पेट्रोल वाढवतो आणि ती वाढ लिहून ठेवतो, म्हणजे पुढच्या वेळी सुरुवात तिथूनच होते. ही लिहून ठेवलेली दुरुस्ती म्हणजे लाँग टर्म ट्रिम. मिस्त्रीने रीसेट केला की वही कोरी होते आणि गाडी कंपनीच्या मूळ आकड्यांवर येते, म्हणून बरी वाटते. पण सेन्सर ज्या कारणाने ओरडत होता ते कारण जागेवरच असतं. ईसीयू पुन्हा तोच धडा शिकतो आणि आठवड्याने पुन्हा त्याच पानावर येतो. काही गाड्यांत तर ही नोंद बॅटरी काढूनही पुसली जात नाही, ईसीयूतल्या नोंदी वाचणाऱ्या स्कॅनरनेच पुसावी लागते. तिथे बॅटरी काढल्याने बरं वाटलं असेल तर तो निव्वळ मनाचा खेळ.

यात पेट्रोलचाही हात आहे. शुद्ध पेट्रोलला पूर्ण जळायला वजनाने १४.७ पट हवा लागते. ई-१० ला, म्हणजे दहा टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलला, साधारण १४.१ आणि वीस टक्केवाल्या ई-२० ला १३.५ च्या आसपास. म्हणजे ई-१० साठी जुळवलेल्या गाडीत ई-२० भरलं की तेवढ्याच हवेला चारेक टक्के पेट्रोल जास्त लागतं. २०२५ मध्ये देशाने वीस टक्के मिश्रणाचं उद्दिष्ट गाठलं, त्यामुळे पंपावर आता दुसरा पर्याय फारसा उरलेला नाही. इथेनॉल कदाचित आपल्याच उसाचं असेल, त्याच्यावर राग धरून काय करणार. क्लोज्ड लूपमध्ये ईसीयू ते चार टक्के मुकाट घालतो. पण त्याला दुरुस्तीची मुभा ठरावीकच असते. त्यातला काही भाग इंधनाने खाल्ला, काही मोकळ्या सायलेन्सरने, आणि उरलेला एखाद्या फटीने खाल्ला की मर्यादा संपते आणि दिवा लागतो.

दोन गळत्या, लक्षण एक, औषध उलटं

सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो, म्हणून इथे जरा थांबू.

पहिली गळती एक्झॉस्टची. इंजिनच्या हेडला बेंड पाइप जिथे जोडतो तिथून ऑक्सिजन सेन्सरपर्यंतच्या टप्प्यात कुठेही बारीक फट असली तर घोळ. लोक विचारतात, एक्झॉस्टमधून तर धूर बाहेर जातो, हवा आत कशी येईल? सिंगल सिलिंडरमध्ये धूर ठोक्याठोक्याने जातो. प्रत्येक ठोका पुढे गेला की त्याच्या मागे पाइपातला दाब क्षणभर बाहेरच्या हवेपेक्षाही कमी होतो, आणि त्या क्षणी फट हवा आत ओढते. सेन्सरला ही बाहेरची हवा दिसते, तो “लीन” म्हणतो, ईसीयू पेट्रोल ओततो. इंजिनात प्रत्यक्षात पेट्रोल जास्त झालेलं असतं, स्कॅनरवर मात्र लीनचा कोड. प्लगवर काळी कोरडी भुकटी, ॲव्हरेज खाली, मागे बसणाऱ्याला पेट्रोलचा वास.

दुसरी गळती इनटेकची, म्हणजे हवा आत येण्याच्या वाटेवरची, थ्रॉटल बॉडी (हवेची वाट उघड-बंद करणारा भाग) आणि हेडच्या मधली. मॅनिफोल्डचं रबर तडकलेलं, क्लॅम्प ढिला, मॅप सेन्सरची (मॅनिफोल्डमधला हवेचा दाब मोजणाऱ्या सेन्सरची) नळी निघालेली. बीएस-६ गाडीत आणखी एक हमखास जागा असते. टाकीतली वाफ साठवणाऱ्या कॅनिस्टरकडून थ्रॉटल बॉडीला येणारी बारीक नळी. फिल्टर बसवताना ती आडवी येते, म्हणून काढून तशीच सोडलेली बऱ्याचदा सापडते. इथे मिश्रण खरोखर लीन असतं. गाडी फक्त थ्रॉटलच्या उघडीपीवरून पेट्रोल ठरवणारी असेल तर धक्के खाते. मॅप सेन्सरवर चालणारी असेल तर आत आलेली हवा सेन्सरला कळते, ईसीयू पेट्रोलही वाढवतो आणि आयडल चढून बसतं.

दोन्हीकडे स्कॅनर एकच कोड दाखवू शकतो, पी०१७१, म्हणजे लीन. एका गाडीचं इंजिन पेट्रोलने भिजलेलं, दुसरीचं उपाशी. कोड वाचून पेट्रोल वाढवणारी डबी बसवली तर पहिल्या गाडीची वाट लागते. म्हणून आधी फट शोधायची.

एक्झॉस्टसाठी इंजिन पूर्ण थंड हवं. सायलेन्सरच्या तोंडाला घरचा एअर ब्लोअर लावा, भोवती कापड गुंडाळा आणि हेडच्या जोडाला, वेल्डिंगला, सेन्सरच्या आट्यांना साबणाचं पाणी लावा. फट असेल तिथे बुडबुडे येतात. खर्च शून्य. बेंड पाइप एकदा काढला की जुनं गॅस्केट पुन्हा वापरायचं नाही. ते दाबून बसण्यासाठीच बनवलेलं असतं आणि एकदाच दबतं. नवं गॅस्केट घाला. दोन्ही नट आलटूनपालटून थोडे-थोडे आवळा, एक पूर्ण घट्ट करून मग दुसऱ्याकडे गेलात तर फ्लँज तिरपी बसते. आणि लाल सिलिकॉन, कृपा करा, लावू नका. साध्या सिलिकॉनची वाफ सेन्सरच्या टोकावर पांढरट थर चढवते आणि सेन्सर आंधळा होतो. गॅस्केटच्या काही रुपयांची बचत करून हजारो रुपयांचा सेन्सर घालवायचा.

इनटेकसाठी इंजिन आयडलवर ठेवा आणि झाडांवर फवारायच्या छोट्या बाटलीने रबरी जोडांवर पाण्याचा बारीक फवारा मारा. फट असेल तिथे पाणी ओढलं जातं आणि आरपीएम क्षणभर बदलतो. पाण्याऐवजी कार्ब क्लीनर मारणारे मिस्त्री पुष्कळ आहेत. लालभडक तापलेल्या पाइपाशेजारी तो उद्योग करू नका.

सेन्सरची जागाही बघा. मूळ पाइपात सेन्सर जिथे होता त्याच्या आसपासच नव्या पाइपात त्याचं बूच, म्हणजे सेन्सर बसवायची आट्यांची जागा, हवं. फार मागे गेला तर तिथे धूर गार पोचतो. खालच्या बाजूने बसवला तर पाइपात साठलेलं पाणी त्याच्यावर येतं आणि आतलं सिरॅमिक तडकतं. आडव्या रेषेपेक्षा थोडा वर, तिरका, हे बरोबर. काही स्वस्त पाइपांना बूचच नसतं. गेवराईच्या एका पोराची साडेतीनशे सीसीची गाडी अशीच आली होती. ॲव्हरेज अर्ध्यावर, प्लग कोळशासारखा. फिटिंग करणाऱ्या मिस्त्रीला फोन लावून दिला.

“मामा, ऑक्सिजन सेन्सर कुठाय?”

“हाय की. केबल टायने फ्रेमला नीट बांधलाय. पाइपाला जागाच नव्हती त्याला.”

“अहो, मग तो बाहेरची हवा मोजतोय ना.”

“मंग? त्याचं कामच हवा मोजायचं हाय न्हवं?”

मामांचं तर्कशास्त्र बिनतोड होतं. सेन्सर अख्खा वेळ मोकळ्या हवेतला ऑक्सिजन मोजत होता आणि ईसीयू जमेल तेवढं पेट्रोल ओतत होता. पाइपाला बूच वेल्डिंग करून सेन्सर आत बसवला, ट्रिम पुसली आणि गाडी सरळ झाली. तिला मॅपिंगची गरजच नव्हती.

मूळ पाइप भंगारात देऊ नका, हेही इथेच सांगून टाकतो. शंका आली की जुना पाइप आणि जुना फिल्टर परत बसवायचे आणि आठवडाभर चालवायची. तक्रार तशीच राहिली तर दोष नव्या सायलेन्सरचा नाही, दुसरीकडे शोधा. एवढा स्वस्त आणि एवढा पक्का तपास दुसरा नाही, पण तो करायला लोकांना सगळ्यात जास्त कंटाळा येतो.

आयडलचा स्क्रू

कार्ब्युरेटरवर हात बसलेल्या मिस्त्रीला थ्रॉटल बॉडीवर रंग लावलेला स्क्रू दिसला की राहवत नाही. आयडल वर-खाली होतंय म्हटल्यावर तो स्क्रू फिरवतो. एफआय गाडीत तो आयडलचा स्क्रू नव्हे, थ्रॉटलची पाकळी किती बंद व्हावी याचा थांबा आहे. कारखान्यात तो बसवला जातो आणि त्यावरूनच ईसीयूला “थ्रॉटल पूर्ण बंद” म्हणजे काय ते कळतं. आयडल सांभाळणारा वेगळा छोटा व्हॉल्व्ह असतो. स्क्रू फिरवला की थ्रॉटल सोडलेला असूनही ईसीयूला तो थोडा उघडा वाटतो, मग तो आयडलच्या कामाला हातच घालत नाही. सिग्नलला गाडी बाराशे-पंधराशेवर गुरगुरत उभी राहते.

तपासणं सोपं आहे. स्कॅनरवर थ्रॉटल पोझिशन बघा. हात सोडलेला असताना ० टक्के किंवा तुमच्या मॅन्युअलमध्ये लिहिलेला आकडा दिसला पाहिजे. थ्रॉटल हळूहळू पूर्ण पिळा, आकडा न अडखळता चढला पाहिजे. मधेच उडी मारत असेल तर धक्क्यांचं कारण तिथेच मिळालं. रंग तुटलेला असेल तर स्क्रू मूळ जागी आणून मॅन्युअलप्रमाणे थ्रॉटलचं शून्य पुन्हा शिकवावं लागतं. आयडल व्हॉल्व्ह काळा झाला असेल तर काढून कापडाने पुसा, त्याच्यात क्लीनरची अख्खी बाटली ओतू नका.

फिल्टर, आणि आपल्याकडची धूळ

आता माझं मत, पटो न पटो. मराठवाड्यात एअरबॉक्स (मूळ फिल्टरची बंद पेटी) काढून थ्रॉटल बॉडीला उघडा कोन फिल्टर लावणं हा शुद्ध वेडेपणा आहे.

एक कारण धुळीचं. शेतरस्त्यावरच्या काळ्या मातीची वाळल्यावरची पावडर पिठापेक्षा बारीक असते. त्यात ऊसतोडीच्या हंगामात ट्रॅक्टरच्या मागे चालवा, किंवा दिवाळीनंतर कापसाच्या गाड्यांच्या मागे, फिल्टरवर तंतूंची गोधडी तयार होते. कोन फिल्टर लावलेल्यांनी एकदा थ्रॉटल बॉडीच्या आत पांढरं सुती कापड फिरवून बघावं. बोटाला कणी लागली तर ती सिलिंडरमध्येही जातेय. ते मॅपिंगने सुटत नाही.

दुसरं कारण ट्यूनिंगचंच आहे. एअरबॉक्स हा शांत हवेचा साठा असतो. तो काढला की इंजिन हवा ओढताना उठणाऱ्या लाटा मोकळ्या होतात, थ्रॉटलपाशी हवा कधी जास्त तर कधी कमी मिळते, आणि ज्या तक्त्यावर ईसीयू चालतो तो तक्ता एअरबॉक्स धरूनच लिहिलेला असतो. कमी आरपीएमवरचा अशक्तपणा बऱ्याचदा इथून येतो. वर हवेचं तापमान मोजणारा सेन्सर एअरबॉक्समध्ये असेल, तर फिटिंगवाला तो कुठेतरी इंजिनजवळ लटकवतो. मे महिन्यात परभणी-नांदेडकडे पारा ४२-४३ वर असतो, इंजिनशेजारी हवा साठ-सत्तर अंशांची. ईसीयूला वाटतं हवा फार गरम म्हणजे विरळ, तो पेट्रोल कमी करतो. प्रत्यक्षात आत जाणारी हवा तेवढी गरम नसते. झालं मिश्रण लीन.

तेल लावायचा कापडी फिल्टर एअरबॉक्सच्या आतच बसत असेल तर हरकत नाही, पण तेल मोजकं. जास्त झालेलं तेल थ्रॉटल बॉडीत उतरतं, त्याच्यावर धूळ बसते आणि पाकळीभोवती चिकट कडं तयार होतं. मूळ कागदी फिल्टर मॅन्युअलमधल्या अंतराच्या आधीच बदलत राहणं, हा आपल्या रस्त्यांना सगळ्यात जुळणारा उपाय. त्यात मिरवायला काही नाही, हे कबूल.

फाटफाट

थ्रॉटल सोडल्यावर येणारा बारीक फाटफाट आवाज प्रत्येक वेळी दोष नसतो. उतारावर थ्रॉटल सोडला की ईसीयू पेट्रोल तोडतो, पुन्हा सुरू करताना थोडं न जळलेलं पाइपात जातं. बऱ्याच गाड्यांत एक्झॉस्ट पोर्टमध्ये ताजी हवा सोडणारा व्हॉल्व्हही असतो. मूळ जड सायलेन्सर हे सगळं गिळून टाकायचा, मोकळा सायलेन्सर ऐकवतो. पण जोरात बंदुकीसारखा आवाज येत असेल आणि तोही इंजिन गार असताना जास्त, तर पुन्हा बेंड पाइप हेडला जोडतो तिथल्या गॅस्केटकडे जा. तो हवेचा व्हॉल्व्ह बुजवून टाकायचा सल्ला सर्रास मिळतो. तो प्रदूषण कमी करण्यासाठी आहे आणि बुजवल्याने धक्के थांबत नाहीत.

वायरिंगकडे कुणी बघत नाही

सायलेन्सरच्या बरोबरच फॉग लाइट आणि मोठा हॉर्न बसवलेला असतो, आणि त्यांची अर्थिंग जिथे बोल्ट सापडला तिथे दिलेली असते. इंजेक्टर उघडायला किती वेळ लागतो ते बॅटरीच्या व्होल्टेजवर ठरतं. व्होल्टेज हेलकावे खात असेल तर पेट्रोलही हेलकावे खातं. इंजिन बंद असताना बॅटरीवर साधारण १२.६ व्होल्ट, चालू असताना १३.८ ते १४.४ च्या दरम्यान. हॉर्न दाबल्यावर त्यात मोठी घसरण दिसली की आधी ती दुरुस्त करा. प्लग बदललेला असेल तर तो रेझिस्टर असलेलाच हवा, ज्याच्या नंबरात सहसा इंग्रजी आर असतो. बिनरेझिस्टरच्या प्लगचा विद्युत गोंगाट सेन्सरच्या वायरींत शिरतो आणि असले भुताटकीचे झटके देतो की माणूस देवर्षीकडे जाईल.

स्कॅनरवर काय बघायचं

बऱ्याच नव्या गाड्यांना सीटखाली सहा पिनांचा कनेक्टर असतो. त्याची जोडवायर आणि ब्लूटूथची स्वस्त डबी घेऊन मोबाइलवर आकडे दिसतात. सगळ्याच गाड्यांशी ती स्वस्त डबी बोलत नाही, म्हणून घेण्याआधी आपल्या मॉडेलवर कुणी वापरली आहे का ते विचारा.

दिवा विझवायची घाई करू नका, आधी कोड लिहून घ्या. पी०१७१ लीन, पी०१७२ रिच. पी०१३१ म्हणजे सेन्सरचा व्होल्टेज सतत खाली, पी०१३२ म्हणजे सतत वर. पी०१२२ आणि पी०१२३ थ्रॉटल सेन्सरचे. पी००३० आला तर सेन्सरच्या आतल्या हीटरचं सर्किट, आणि तिथे बहुतेक वेळा बेंड पाइपला टेकून वितळलेली वायरच सापडते. पी०४२० कॅटलिस्टचा, म्हणजे पाइपातल्या धूर स्वच्छ करणाऱ्या जाळीचा. काही नव्या ओबीडी-२ (स्वतःचे दोष ओळखायची यंत्रणा असलेल्या) गाड्यांत कॅटलिस्टच्या मागेही एक सेन्सर असतो, आणि कॅटलिस्ट नसलेला पाइप लावला की हा कोड येणारच. त्यावर प्रामाणिक उपाय एकच, कॅटलिस्ट असलेला पाइप.

मग ट्रिम. गाडी चांगली तापवून, मोकळ्या रस्त्यावर एका वेगाने चालवून परत या आणि लाँग टर्म ट्रिमचा आकडा नोंदवा. गाडी चालवताना मोबाइलकडे बघू नका, ॲप नोंद ठेवतं. उणे-अधिक पाच टक्क्यांत असेल तर निवांत राहा. दहाच्या पुढे सतत अधिक असेल तर फट किंवा पेट्रोलचा दाब. बहुतेक गाड्यांत पंपाचा दाब ३ बारच्या आसपास असतो. टाकीतला बारीक फिल्टर तुंबला तर हा दाब पडतो आणि लक्षणं अगदी फटीसारखीच दिसतात, फक्त फुल थ्रॉटलला जास्त जाणवतात. पावसाळ्यात अर्ध्या टाकीवर महिनाभर उभी राहिलेली गाडी असेल तर पेट्रोलच बदलून बघा. इथेनॉल पाणी धरतं, आणि पाणी प्रमाणाबाहेर झालं की ते इथेनॉलसकट खाली बसतं, नेमकं पंपाच्या तोंडाशी.

डबी लावली तरी फरक का टिकत नाही

एवढं सगळं ठीक करूनही वरच्या आरपीएमवर गाडी लीन वाटत असेल, तर आता मॅपिंगचा विषय काढायला हरकत नाही. बाजारात तीन प्रकार मिळतात आणि विकणारा तिघांनाही “मॅपिंग”च म्हणतो.

पहिली डबी ऑक्सिजन सेन्सरच्या वायरीत बसते आणि त्याचा सिग्नल थोडा सरकवते, म्हणजे ईसीयू क्लोज्ड लूपमध्ये किंचित जास्त पेट्रोल देतो. कमी थ्रॉटलवरचे धक्के आणि इंजिनची उष्णता यांना ती उपयोगी पडते. फुल थ्रॉटलला ईसीयू सेन्सरचं ऐकतच नाही, तिथे तिचा थेट काही उपयोग नाही.

दुसरी, पिगीबॅक. ती इंजेक्टरचा सिग्नल मधेच पकडून इंजेक्टर उघडा राहण्याचा वेळ वाढवते. इथेच ती “आठ दिवस छान, मग पुन्हा तेच”ची दुसरी गंमत आहे. समजा तुम्ही सर्वत्र आठ टक्के पेट्रोल वाढवलं. क्रूझिंगला, म्हणजे एका वेगाने चालताना, ईसीयू सेन्सरकडे बघतो, त्याला मिश्रण रिच दिसतं, तो आठ टक्के काढून टाकतो. तुम्ही घाला, तो काढणार, विहिरीवरच्या दोन माणसांनी एकाच दोराची दोन टोकं ओढावीत तसं. इथवर फक्त पैसे वाया. पण बऱ्याच ईसीयूत लाँग टर्म ट्रिम ओपन लूपलाही लागू होते. मग समजा तुम्ही क्रूझिंगला आठ टक्के वाढवले आणि फुल थ्रॉटलला तीनच, तर ईसीयूची शिकलेली उणे आठची ट्रिम फुल थ्रॉटललाही लागते आणि जिथे इंजिनला पेट्रोलची सगळ्यात जास्त गरज असते तिथे ते आधीपेक्षाही लीन होतं. पैसे देऊन पिस्टन तापवायचा धंदा. म्हणून पिगीबॅक घ्यायचीच तर क्लोज्ड लूपच्या भागात तिची दुरुस्ती शून्य ठेवा, किंवा ऑक्सिजन सेन्सरही सांभाळणारी घ्या. ट्यूनरला थेट विचारा, “क्रूझिंगला ट्रिम किती येतेय?” त्याने “ते बघायची गरज नाही” म्हटलं की हेल्मेट उचला.

तिसरा प्रकार ईसीयूच रीफ्लॅश करणं, म्हणजे त्याच्यातला तक्ताच नव्याने लिहिणं. नीट केलं तर सगळ्यात स्वच्छ. पण वॉरंटी जाते, आणि बऱ्याच बीएस-६ ईसीयूंना कुलूप असल्याने हे करणारे थोडेच. सेन्सर काढून त्याच्या जागी रेझिस्टर लावणं हा चौथा प्रकार मी धरतच नाही. ई-२० ची चार टक्क्यांची भरपाई करणारा एकमेव साक्षीदार तुम्ही घरी पाठवता.

ट्यून करताना

वाइडबँड सेन्सर, म्हणजे मिश्रण नेमकं किती रिच किंवा लीन ते आकड्यात सांगणारा सेन्सर, लावल्याशिवाय मॅपिंग करणाऱ्याला गाडी देऊ नका. “प्लगचा रंग बघून सांगतो” हे शिशाच्या पेट्रोलच्या काळात ठीक होतं. आकडे वाचताना एअर-फ्युएल रेशोऐवजी लँबडा धरा (पूर्ण जळायला लागणाऱ्या हवेच्या किती पट हवा मिळतेय तो आकडा), कारण रेशो पेट्रोलनुसार बदलतो आणि लँबडा बदलत नाही. क्रूझिंगला १.०, फुल थ्रॉटलला ०.८६ ते ०.९० च्या दरम्यान. एअर-कूल्ड इंजिन आणि आपला उन्हाळा असेल तर मी ०.८६ कडे झुकतो. अर्ध्या अश्वशक्तीसाठी गाडी तापवायची हौस धुळे-सोलापूर हायवेवर मे महिन्याच्या दुपारी उतरते.

हवामानाची चिंता लोक उगाच जास्त करतात. ४२ अंशांच्या दुपारची हवा डिसेंबरच्या १२ अंशांच्या पहाटेपेक्षा साधारण दहा टक्के विरळ असते. म्हैसमाळला चढलात तर छत्रपती संभाजीनगरपेक्षा सुमारे पाचशे मीटर वर, तिथे आणखी पाचेक टक्के. तापमानाचा आणि मॅपचा सेन्सर शाबूत आणि आपल्या जागी असेल तर ईसीयू हे दोन्ही सांभाळतो. म्हणून थंडीत ट्यून केलेली गाडी उन्हाळ्यात बिघडली तर मॅपिंगला दोष देण्याआधी ते दोन सेन्सर तपासा. कन्नडचा घाट चढताना तक्रार वाढत असेल तर नक्कीच.

कायद्याचं थोडक्यात. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार गाडीत मूळ रचनेविरुद्ध बदल करता येत नाही. कलम १८२ए(४) खाली प्रत्येक बदलामागे पाच हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. आवाज आणि प्रदूषणासाठी कलम १९०(२), पहिल्याच वेळी दहा हजारांपर्यंत दंड आणि तीन महिने लायसन्सवर गदा. जप्त सायलेन्सरवर रोडरोलर फिरवल्याच्या बातम्या आपण सगळ्यांनी वाचल्यात. आवाज दाबणारी आतली नळी काढू नका. काढली की मागचा दाब बदलतो आणि आत्ता जुळवलेला मॅप पुन्हा हलतो.

मॅपिंग झाल्यावर दोन टाक्या पेट्रोल जाऊ द्या आणि लाँग टर्म ट्रिम पुन्हा वाचा. पाचच्या आत राहिली असेल तर आकडे आणि तारीख सर्व्हिस बुकात लिहून ठेवा. सात-आठच्या पुढे सरकली असेल तर ट्यूनरला फोन करण्याआधी साबणाचं पाणी घेऊन बेंड पाइपच्या गॅस्केटपाशी बसा. नवं गॅस्केट पहिल्या काही गरम-थंड फेऱ्यांत आणखी दबतं आणि नट पाव-अर्धा आटा ढिले पडलेले असतात.